पाडलेल्या वाड्याच्या तुळया नव्या घरात: कोल्हापुरात लाकडाने बांधण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवाजी पेठेतला दुमजली वाडा वाटणीमुळे उतरवायचा आहे. कळंब्याकडे प्लॉट घेतलाय, तिथे खाली-वर मिळून दोन हजार चौरस फुटांचं घर बांधायचंय. नॉर्वेतल्या अठरा मजली लाकडी इमारतीबद्दल वाचल्यापासून घर लाकडाचंच असावं असं मनात आहे. वडिलांना वाळवीची आणि आगीची धास्ती वाटते. पत्नी विचारतात, झाडं तोडून पर्यावरण कसं राखलं जाणार? आणि वाडा उतरवणारा ठेकेदार सगळं जुनं लाकूड उक्तं मागतोय.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो, कारण तेच निकडीचं आहे. लाकूड उक्तं देऊ नका. प्रत्येक तुळई, प्रत्येक खांब मोजून आणि तपासून होईपर्यंत तरी नाहीच. तुमच्या नव्या घरासाठी सगळ्यात पर्यावरणपूरक लाकूड तेच आहे, आणि बहुधा सगळ्यात चांगलंही तेच निघेल.

आता मोठा प्रश्न: अख्खं घर लाकडाचं बांधावं का? कळंब्यात बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जोतं, तळमजल्याच्या भिंती, न्हाणीघरं, स्वयंपाकघर आणि त्यांच्यावरचा स्लॅब हे दगड, वीट, काँक्रीटचं ठेवा. पहिल्या मजल्याची बाकी जमीन, वरचे खांब आणि छप्पर लाकडाचं करा. याला कुणी अर्धवट लाकडी घर म्हणेल, तर म्हणू द्या. पेठांमधले आपले वाडे असेच तर बांधलेत. खाली काळ्या दगडाचं जोतं, खांबाखाली उथळं म्हणजे दगडी बैठक, भिंती विटांच्या नाही तर मातीच्या, आणि भार पेलायला सागवानी खांब-तुळया. ज्या पदार्थाला पाण्याचं भय नाही तो खाली, ज्याला आहे तो वर.

तुम्ही वाचलेली नॉर्वेतली इमारत म्हणजे ब्रुमुनडाल गावातली म्योस्टॉर्नेट. २०१९ साली पूर्ण झाली, उंची ८५.४ मीटर. पण तिच्याही वरच्या सात मजल्यांच्या लाद्या काँक्रीटच्या आहेत. लाकडी इमारत हलकी असते, वाऱ्यात ती डोलू नये म्हणून डोक्यावर मुद्दाम वजन ठेवलंय. अमेरिकेत मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये असेंट नावाची २५ मजली इमारत उभी राहिली, तिचे खालचे मजले आणि जिने-लिफ्टचे गाभे काँक्रीटचेच आहेत. या इमारतींकडून शिकायचं ते एवढंच, की कुठला पदार्थ कुठे वापरायचा याचा त्यांनी नीट हिशोब केला. उंचीच्या स्पर्धेतून आपल्या हाती काही लागत नाही.

त्यांचं लाकूड मात्र आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचं आणि वेगळ्या पद्धतीने तयार केलेलं असतं. स्प्रूससारख्या सरळ, मऊ झाडांच्या फळ्या वाळवून, एकावर एक चिकटवून मोठ्या तुळया करतात, त्याला ग्लुलॅम म्हणतात. जर्मनीत ऑटो हेत्सरने १९०६ साली वाकवलेल्या चिकट-तुळईचं पेटंट घेतलं, म्हणजे हे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवले की भिंतीएवढं, जमिनीएवढं सलग पॅनेल होतं. ते सीएलटी. ते नवं आहे, १९९०च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत रुजलं. लहान झाडापासून मोठा छेद मिळवणं ही त्यातली खरी करामत. पण दुमजली घरासाठी तसली पॅनेलं समुद्रापलीकडून मागवायची, बंदरातून घाट चढवून कोल्हापुरात आणायची, आणि जिथे वाळवी नाही अशा देशातल्या तपशिलाने इथे बसवायची, हे मला पटत नाही. ज्या कारणासाठी लाकूड वापरायचं ते कारणच त्या वाटेवर अर्धं संपतं.

पत्नींचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं. तो कार्बन झाडाने हवेतून घेतलेला असतो, आणि १ किलो कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. आता तुमच्याच घराचा ठोकताळा मांडू. वरच्या मजल्याची १,००० चौरस फूट जमीन पाच इंची स्लॅबची केली तर साधारण १२ घनमीटर काँक्रीट लागतं. त्यात चार टनांच्या आसपास सिमेंट आणि एक टनभर सळई. दोन्ही तयार होताना मिळून पाच टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास धरतात, तो अशा घराघरांच्या स्लॅबमधूनच बनलेला आहे. हीच जमीन लाकडी केली, म्हणजे तुळया, त्यावर दीड-दीड फुटांवर कड्या (बारीक आडव्या तुळया) आणि वर सव्वा इंची फळी, तर अंदाजे २६० घनफूट, म्हणजे सात घनमीटरच्या वर लाकूड बसतं. त्यात सातेक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन बंदिस्त राहतो.

हिशोब छान दिसतो, पण तो तीन अटींवर उभा आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढलं पाहिजे. झाड वाढायला जितकी वर्षं लागली त्याहून जास्त वर्षं ते लाकूड घरात टिकलं पाहिजे. आणि घर उतरवल्यावर ते चुलीत जाता कामा नये. तुमच्या वाड्याच्या तुळया पहिल्या दोन कसोट्यांना कधीच उतरल्यात. तिसरी आता तुमच्या हातात आहे. ठेकेदाराने उक्तं घेतलेल्या मालातलं सुबक ते वखारीत जातं, आणि तुटकं, वेडंवाकडं, खिळ्यांनी भरलेलं ते थेट जळणात. जळणात गेलं की शंभर वर्षं धरून ठेवलेला कार्बन एका दुपारी हवेत.

नवं लाकूड घ्याल तेव्हा ते कुठून आलं हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारा. आपल्या वखारींत सागवानाची नावं ठरलेली आहेत: सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं), बलसाड, दांडेली, आणि मग आयात केलेलं. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून बाहेरून येणारं सागवान मुख्यतः आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींमधलं आहे. लागवडीचं सागवान वाईट नसतं. पण वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या झाडात पांढरं लाकूड जास्त असतं, आणि सागवानाची ख्याती आहे ती आतल्या गडद गाभ्यामुळे. पांढऱ्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात. दुकानदार ‘अस्सल सागवान’ म्हणून दाखवेल तेव्हा फळीचं टोक बघा. कडेला फिकट पट्टा किती रुंद आहे ते लगेच कळतं.

राधानगरी, दाजीपूर, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातून कुणी ऐन, किंजळ, नाना असं लाकूड स्वस्तात आणून देतो म्हणाला, तर वाहतूक परवाना मागा. तो नसेल तर कितीही चांगला माल असला तरी हात लावू नका. घाटातल्या नैसर्गिक रानातलं झाड कापून बांधलेल्या घराला टिकाऊ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे एक झाड पडतं तेव्हा त्याच्या सावलीतला ओलावा, माती, खालची रोपटी हे सगळंच जातं, आणि कार्बनच्या कोष्टकात त्याला रकाना नाही.

शेताच्या बांधावरचं झाड ही मात्र वेगळी गोष्ट. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं होतं, जंगलं वाचावीत म्हणून. हेतू चांगला होता. पण दारं-खिडक्या लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि प्लास्टिकच्या झाल्या, आणि शेतकऱ्याने बांधावर लावलेल्या झाडाला गिऱ्हाईक उरलं नाही. २०२० मध्ये ती बंदी उठली. माझ्या मते ती बऱ्याच आधी उठायला हवी होती. ज्या झाडाला भाव आहे ते झाड शेतकरी लावतो. आपल्याकडे बांधावर सागवान, निलगिरी, सिल्व्हर ओक दिसतात, कुठे ऑस्ट्रेलियन बाभूळ. यातलं ऑस्ट्रेलियन बाभळीचं लाकूड फळ्यांसाठी चांगलं निघतं. निलगिरी ताकदीची, पण वाळताना चिरते आणि पीळ घेते, म्हणून सावकाश, सावलीत वाळवावी लागते. सिल्व्हर ओक आतल्या कामापुरता. तोडण्याआधी झाड कुठल्या जातीचं आहे त्याप्रमाणे वनखात्याची किंवा महसूलची परवानगी लागते, शहराच्या हद्दीत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची. सागवानाला ती लागतेच.

आता तुमच्या वाड्याचं लाकूड कसं तपासायचं ते सांगतो.

जुन्या तुळईला सगळ्यात मोठा धोका भिंतीत गाडलेल्या टोकांना असतो. बाहेरून भिंत भिजते, ओल टोकात शिरते, तिथे वारा नाही. मधला दहा फूट भाग लखलखीत आणि टोकाचा फूटभर भुसा, असं वारंवार दिसतं. म्हणून हातोडीने टोकापासून मध्यापर्यंत ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. बद्द वाजेल तिथे पेचकस दाबून बघा. अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेला तर तेवढा भाग कापायचा. कापल्यावर अकरा फुटांची तुळई साडेनऊ-दहा फुटांची होते, हे नकाशा काढतानाच धरायला हवं. खांबांचं उलट असतं, त्यांचं खालचं टोक बघायचं. उथळ्यावर उभा असलेला खांब बहुतेक शाबूत निघतो. नंतर कधी कोबा घालताना जमीन वर आली आणि उथळं गाडलं गेलं, तर तोच खांब खालून कुजलेला निघतो.

बारीक गोल भोकं दिसली म्हणून घाबरू नका. भुंगा पांढऱ्यातल्या पिष्टावर जगतो, ते संपलं की निघून जातो, आणि त्यातली बरीच भोकं कित्येक वर्षांपूर्वीची असतात. भोकाखाली ताजी, पिठासारखी भुकटी पडत असेल तरच कीड जिवंत आहे. जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाते. ओलं करून खरवडायचं, कचरा वेगळा गोळा करायचा. आणि रंधा मारण्याआधी प्रत्येक नग लोहचुंबकाने किंवा मेटल डिटेक्टरने तपासायचा, नाही तर एकेका खिळ्यापायी मिस्त्रीचं पातं जातं आणि मग तो जुनं लाकूड घ्यायलाच तयार होत नाही.

ताकदीचं म्हणाल तर वाळून मुरलेलं जुनं सागवान नव्याहून कमी नसतं, आणि एक गुण त्यात नव्यापेक्षा जास्त असतो: ते आता फारसं हलत नाही. कोल्हापूरच्या हवेत लाकूड उन्हाळ्यात कोरडं पडतं आणि जुलैत फुगतं. नव्या सागवानाची दहा इंच रुंद फळी दोन ऋतूंच्या मध्ये तीनेक मिलिमीटर हलू शकते. पावसाळ्यात दारं अडकतात ती यामुळेच. नव्या फळ्या बसवताना म्हणून प्रत्येक सांध्यात जीभ आणि खाच ठेवायची आणि भिंतीकडेला अर्धा इंच मोकळी जागा सोडायची. वखारीतून लाकूड उचलताना ओलावा मोजायचं यंत्र जवळ ठेवा. आतल्या कामाला १२ टक्क्यांच्या आसपास हवं. वीस दाखवत असेल तर ते अजून ओलं आहे. तुमच्या घरात वाळेल आणि वाळताना वाकेल.

तुळई किती जाड हवी हे इंजिनियरने आयएस ८८३ या भारतीय मानकाप्रमाणे गणित करूनच ठरवायचं. पण एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक हवी. तुळईचा ताठपणा रुंदीच्या पटीत वाढतो, उंचीच्या मात्र घनाच्या पटीत. चार बाय आठची तुळई उभी ठेवली तर ती आडवी ठेवल्याच्या चौपट ताठ असते. अलीकडे सजावटीच्या नादात जुन्या तुळया आडव्या घातलेल्या बघतो तेव्हा वाईट वाटतं. लाकडी जमीन तुटण्याच्या खूप आधी थरथरायला लागते, म्हणून हिशोब लवचिकतेचा करायचा. आणि वरच्या पावलांचा आवाज खाली येतो. जुन्या वाड्यात फळ्यांवर मातीचा थर असायचा, तो हा आवाज खायचा. आता फळीवर रबर किंवा कॉर्कचा थर आणि त्यावर पातळ कोबा घातला तर तेच काम होतं, फक्त ते वजन आधीच गणितात धरलेलं असावं.

वडिलांच्या दोन शंकांपैकी वाळवीची आधी. वाळवीइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त, पाण्याकडे बघा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर बुरशी वाढत नाही, आणि जमिनीतून येणाऱ्या वाळवीलाही ओल लागतेच. गंमत अशी की कायम पाण्याखाली असलेलं लाकूडही टिकतं, कारण तिथे हवा नसते. आपल्याकडे विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालत ते याचसाठी. वाईट असतं ते ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होत राहणं. म्हणून लाकूड कुठेही मातीला टेकता कामा नये. खांब दगडी उथळ्यावर किंवा पोलादी बुटात, आजूबाजूच्या फरशीपासून किमान सहा इंच वर. खांबाच्या बुडाशी पाणी साचेल अशी वाटी नको. तुळईचं टोक भिंतीत घालायचं तर तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा, खाली दगड किंवा पोलादी पट्टी, आणि सिमेंटने थापून बंद करायचं नाही. हा एक तपशील नीट झाला तर पुढच्या पिढीला तुळई बदलावी लागत नाही. गवंड्याला तो दर वेळी उभं राहून सांगावा लागतो, कारण भोक दिसलं की बुजवायचं ही त्याच्या हाताची सवय.

छपराची वळचण किमान तीन फूट ठेवा. शहरात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, पण गगनबावड्याकडे पाच हजारांच्या घरात, आणि शिरोळकडे पाच-सहाशेच. एकाच जिल्ह्यात इतका फरक असताना एकच नकाशा सगळीकडे चालत नाही. कळंब्याला तीन फूट पुरे. गगनबावड्यात मी पश्चिमेच्या भिंतीला पडवीच देईन. पंचगंगेच्या पूररेषेत ज्यांचं घर आहे त्यांनी तर तळमजल्यावर प्लायवुड आणि एमडीएफ आणूच नये. २०१९ आणि २०२१ ला नदीने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर पातळी गाठली, जिथे धोक्याची पातळी ४३ आहे. त्या पाण्यातून सागवानी चौकटी वाळून पुन्हा उभ्या राहिल्या, प्लायवुडची कपाटं थराथराने सुटून गेली.

वाळवीसाठी जोत्याखालच्या मातीवर बांधकामाच्या आधीच औषध मारून घ्या, त्याला आयएस ६३१३ ची पद्धत आहे. सागवानी गाभ्याला वेगळं औषध लागत नाही. फळ्या पांढऱ्या असतील किंवा पाइनच्या असतील तर त्या बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात बुडवून घ्या. हे औषध पाण्याने धुऊन जातं, म्हणून आतल्या कामालाच. बाहेरच्या कामाला कारखान्यात दाबाखाली औषध भरलेलं लाकूड घ्यावं. बाहेरच्या लाकडावर चकचकीत पॉलीयुरेथेनचा थर नको. उन्हाने तो तडकतो आणि पावसाचं पाणी त्याच्याखाली अडकून बसतं. जवसाचं तेल दोन हात, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. आजरा-चंदगडकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते किडीला खरंच चालतं, पण लाकूड काळं करतं आणि कातडी भाजतं, म्हणून मागच्या पडवीपुरतं आणि हातमोजे घालून. एक सावधगिरी मनापासून सांगतो: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आगीबद्दल कोल्हापुरात बोलणं सोपं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या गावाने बघितलंय. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची ती वास्तू. त्यानंतर लाकडाचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी त्या रात्रीची आठवण काढतंच, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून नीट समजून घेऊ. पातळ लाकूड झटकन पेटतं: फळकुटं, रिपा, प्लायवुडची पार्टिशनं, छताखालच्या पट्ट्या. जाड तुळई वेगळी वागते. तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. मऊ लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर जळतं, कठीण लाकूड त्याहून सावकाश, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आठ इंच रुंद, दहा इंच उंच सागवानी तुळई तासभर तिन्ही बाजूंनी जळली तरी आत साधारण साडेपाच बाय पावणेनऊ इंचाचं शाबूत लाकूड उरतं. तेवढ्यावर भार पेलला जाईल असं गणित आधीच करून ठेवता येतं, आणि करायचंच. उघडं पोलाद ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद गमावतं, हेही वडिलांना सांगा. सांध्यांतले बोल्ट आणि पट्ट्या म्हणूनच लाकडाच्या आत झाकलेल्या हव्यात.

मात्र जाड तुळईच्या भरवशावर बाकीचं सोडायचं नाही. वायरिंग लाकडावरून उघडं किंवा लाकडात कोरून न्यायचं नाही, धातूच्या नळीतून न्यायचं. स्वयंपाकघर तळमजल्यावर, त्यावर स्लॅब. फळ्या आणि छत यांच्या मध्ये लांबच लांब पोकळी ठेवू नका, दर खणाला आडवी आड घाला. आग पोकळीतून पळते. देवघरातली समई लाकडी भिंतीला लागून नको.

भूकंपाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का या भागाच्या आठवणीत आहे, म्हणून दोन वाक्यं. वरचा मजला लाकडी असला की इमारतीचं वजन कमी, आणि धक्क्याचा जोरही वजनाच्या प्रमाणातच लागतो. पण तुळई भिंतीवर नुसती टेकवून ठेवू नका, भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवून तिला त्याच्याशी बोल्टने बांधा.

खर्चाचं खरं बोलायचं तर सगळी २६० घनफूट नवी सीपी सागवान घेतलीत तर स्लॅबच्या कितीतरी पट पैसे जातील, आणि तसं करायची गरजही नाही. मुख्य तुळया आणि खांब वाड्याचे. कड्या वाड्याच्या पुरतील तितक्या, उरलेल्या बांधावरच्या सागवानाच्या. फळ्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या किंवा औषध भरलेल्या पाइनच्या. पडवीच्या छताला बांबू घालायचा असेल तर तीन वर्षांच्या पुढचा, पावसाळ्यानंतर तोडलेला आणि बोरॅक्समध्ये मुरवलेला माणगा घ्या. खाली सिंधुदुर्गात कुडाळला कॉनबॅकसारख्या संस्थेने बांबूच्या बांधकामात चांगलं काम उभं केलंय, एकदा जाऊन बघून या. रानाबाहेरचा बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून ‘झाड’ धरला जात नाही, त्यामुळे तोडायला-न्यायला अडचण उरलेली नाही. बँक आणि महापालिका दोघांनाही स्ट्रक्चरल इंजिनियरची सही आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या लाकडाच्या भागाप्रमाणे काढलेली रेखाचित्रं दाखवा. दगड-विटांच्या तळमजल्यामुळे तिथे फारशी खळखळ होऊ नये.

आता काय करायचं ते. वाडा अजून उभा आहे तोवर आर्किटेक्ट, इंजिनियर आणि जुन्या कामाचा एक सुतार अशा तिघांना घेऊन आत जा. प्रत्येक नगावर रंगाने क्रमांक टाका आणि वहीत लांबी, रुंदी, उंची, जात, कुजलेला भाग लिहा. उतरवणं वरून खाली: कौलं, रिपा, वासे, आढं, मग तुळया. वरून तुळई खाली सोडून द्यायची नाही, दोराने उतरवायची. पडलेल्या तुळईत आतून चीर जाते आणि ती बाहेरून दिसत नाही. मग सपाट जागेवर, जमिनीपासून फूटभर उंच, प्रत्येक थरामध्ये रिपा घालून, वर पत्रा टाकून रचून ठेवा, बाजू उघड्या. प्लास्टिकने गुंडाळाल तर पावसाळ्यात आत घाम धरून बुरशी येईल.

त्या वहीतल्या मोजमापांवरून खोल्यांची रुंदी ठरवा. तुळई साडेनऊ फुटांची उरली असेल तर खोली नऊ फुटांची करा, किंवा मध्ये एक खांब घ्या. बारा फुटांची खोली आधी काढून मग तिच्यासाठी नवी तुळई शोधत फिरू नका. ही यादी हातात येईपर्यंत आर्किटेक्टला नकाशा थांबवायला सांगा, आणि ठेकेदाराशी बोलणी नव्याने करा: उतरवण्याची मजुरी रोख, ठरवून, लिहून. लाकडाच्या बदल्यात नाही.